पाळण्याच्या कड्या

लातूरच्या गंजगोलाईमागच्या गल्लीत भर दुपारी कुणी "भाईर निघा! भाईर!" असं ओरडलं, तर नवा माणूस आग लागली समजून बादली शोधतो. जुना माणूस कूससुद्धा बदलत नाही. "चाचा हलले," एवढं पुटपुटतो आणि पुन्हा घोरायला लागतो. धरणी हलली असं कुणी म्हणत नाही, कारण धरणी काही रोज हलत नाही. लालमहंमदचाचा हलतात.

चाचांचा धंदा जुन्या चीजवस्तूंचा. पितळेचे बंब, अडकित्ते, निजामाच्या काळातली कुलुपं, बंद पडलेली घड्याळं. ज्याची किल्ली हरवली ते सगळं चाचांच्या दुकानात. गल्लीतले टवाळ म्हणायचे, दुकानातली सगळ्यात जुनी चीज गल्ल्यावर बसलेली असते आणि तिला गिऱ्हाईक नाही. चाचा हसायचे. जाहिदाचाची आतून ओरडायच्या, "हाय की गिऱ्हाईक! मीच फसले, परत घेत न्हाई कुणी!"

पण वाड्यांचे बंब गेले, गीझर आले, आणि लातुरात जुन्या कुलपांपेक्षा नव्या पोरांना जास्त भाव आला. अख्ख्या मराठवाड्यातली लेकरं डॉक्टर व्हायला लातुरात उतरू लागली. ज्याच्याकडं दोन खोल्या त्याचं हॉस्टेल, ज्याच्याकडं मोठं पातेलं त्याची मेस. चाचांचा मुलगा अकरम हुशार. त्यानं दुकानावर दोन मजले चढवले, गुलाबी रंग दिला आणि मुलींचं हॉस्टेल काढलं. खाली बापाची जुनी कुलुपं, वर पोरींचं जीवशास्त्र. मधे एक अरुंद जिना.

त्याच जिन्यावर घोटाळा झाला.

परीक्षा तोंडावर आलेली. दुपारची वेळ, वर पोरी पाठांतर करत होत्या, खाली चाचा एका घड्याळाला तेल पाजत होते. आणि त्यांना तो आवाज आला. किण... किण. पितळेवर पितळ घासल्याचा, बसका, दुरून आल्यासारखा. चाचांच्या हातातली तेलाची कुपी पडली. ते लुंगी सावरत अंगणात आले आणि ओरडले, "भाईर निघा! भाईर! कड्या वाजल्या!"

पोरी धडाधड उतरल्या. चाकूरची पूनम सगळ्यात मागं होती. पुस्तक छातीशी धरून उतरताना तिचा पाय मुरगळला आणि ती शेवटच्या पायरीवर बसूनच राहिली. धरणी मात्र जागच्या जागी होती. समोरच्या टपरीवरच्या चहावर सुरकुतीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी पूनमचे वडील आले. शेतकरी माणूस, आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. "अकरमशेठ, पुन्हा एकदा असं झालं तर पोरगी नेतो. आन् आमच्याकडच्या बाकीच्या पोरीबी माझ्याच भरवशावर आल्यात, तेवढं ध्यानात ठेवा."

अकरमनं बापाला दुकानात गाठलं. "अब्बा, तुम्हाला खरंच ऐकू येतं का?"

"हाव."

"आम्हाला कुणालाच कसं येत न्हाई?"

"तू त्या वक्ताला पाळण्यात नव्हतास," चाचा म्हणाले.

"पुन्हा एकदा वरडलात की नांदेडला लुबनाकडं जायचं. कायमचं. मी गाडी करून सोडतो." लुबना म्हणजे चाचांची लेक. जावई भला, घर मोठं. पण चाचांना कळलं की आपल्यालाही आता शेल्फावरून उचलून दुसऱ्याच्या घरात मांडायचं चाललंय. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या वस्तूंचं तेच केलं होतं.

आता हा आवाज कुठून आला ते सांगायला हवं. गल्लीला ठाऊक आहे, पण गल्ली अर्धंच सांगते.

विसर्जनाच्या त्या रात्री, पहाटेच्या आधी, भूकंपात औशाच्या पलीकडची गावं बसली. दगड-मातीच्या भिंती माणसं झोपेत असताना अंगावर आल्या. पुढच्या महिन्यांत पुण्या-मुंबई-हैदराबादचे व्यापारी ट्रक घेऊन उतरले. ढिगाऱ्यातून निघालेली दारं, खांब, तांब्या-पितळेची भांडी, सगळ्याला मागणी होती. चाचा जवळचे, त्यांना माहिती आधी मिळायची. एका पत्र्याच्या शेडपाशी त्यांना तारामती भेटली. वय विशी-बाविशीचं. तिच्या पुढ्यात एक सागवानी पाळणा होता, चारी बाजूंनी टांगायच्या पितळी कड्या, साखळीसारख्या. कड्यांत पोपट, हत्ती, घुंगरं. एका जागी पितळेची कडी तुटलेली आणि तिथं तिच्या नवऱ्यानं, ग्यानोबानं, बैलाच्या साखळीची लोखंडी कडी घातलेली. पाळण्यावर साधा ओरखडासुद्धा नव्हता.

आत लेकरू नव्हतं. वरवंटा होता. त्याला टोपडं बांधलेलं.

बारशाला आधी पाळण्यात वरवंटा घालतात हे चाचांना ठाऊक होतं. शेजारात बारशी पाहतच ते म्हातारे झाले. आधी वरवंटा, मग लेकरू, म्हणजे लेकरू दगडासारखं टणक होतं. पण तारामतीनं पुन्हा वरवंटाच घातला होता.

"त्या रातीला त्याला ताप होता," ती म्हणाली. "म्हणून पाळण्यातून काढून कुशीत घेतला. पाळण्यावर तुळई आडवी पडली, त्याला काय झालं न्हाई. माझ्यावरबी काय पडलं न्हाई. मधी तो होता, त्याच्यावर पडलं." मग टोपड्याची गाठ नीट करत म्हणाली, "पाळण्यातच ठिवला असता तर."

तिनं पैसे घेतले नाहीत. फक्त म्हणाली, "भाऊ, रिकामा हलू देऊ नका. वरवंटा आत ऱ्हाऊ द्या. आन् त्याचे तुकडे करू नका."

चाचांनी हाव म्हटलं. मनापासून म्हटलं.

पाळणा दुकानाच्या आढ्याला टांगला. त्या थंडीत अख्खं लातूर उघड्यावर झोपत होतं. कुणी उलटी बाटली उभी करून ठेवायचं, कुणी भांड्यांची उतरंड रचायचं. पडली की पळायचं. आमच्या गल्लीला त्याची गरजच नव्हती. बारीक धक्का आला तरी चाचांच्या कड्या आधी वाजायच्या. चाचा ओरडायचे, गल्ली पळायची. दोनदा तर धक्का मागून आला, गल्ली आधी बाहेर होती. चाचांना फुकट चहा चालू झाला. बायका दुकानावरून जाताना पाळण्याला हात जोडायच्या. जन्मात पहिल्यांदा चाचांचा शब्द कुणी ऐकत होतं. त्या दिवसांत ते जरा ताठच चालायचे, खोटं कशाला बोला.

मग धक्के विरळ झाले. आता कड्या ट्रक गेला तरी वाजायच्या. ज्यांनी हात जोडले तेच कुरकुरायला लागले. चहा बंद झाला. लुबनाचं लग्न तोंडावर आलं. आणि हैदराबादचा व्यापारी मुज्तबा दुकानात येऊन पाळण्याखाली उभा राहिला.

"मियाँ, लाकूड नक्को. कड्या देव."

जाहिदाचाची म्हणाल्या, "जबान दिलीय तुम्ही." चाचा म्हणाले, "लुबनाबी देऊन टाकलीय मी. लग्नाची तारीख ठरलीय." कड्या हैदराबादला गेल्या. लाकूड बेकरीवाल्यानं भट्टीला नेलं. दुसऱ्या दिवशीचे पाव गल्लीनं चहात बुडवून खाल्ले. कुणाला वेगळी चव लागली नाही. वरवंटा उरला. चाचींनी टोपडं काढून पेटीत ठेवलं, वरवंटा धुतला आणि पाट्यावर घेतला. चांगला दगड वाया का घालवायचा?

पाळणा गेला त्याच आठवड्यात, दुपारी, चाचांनी रिकाम्या आढ्याकडं पाहिलं. कड्या वाजत होत्या.

तेव्हापासून वाजतच आल्या. रोज नाही. कधी महिनाभर गप्प. म्हणून तर धास्ती जास्त. चाचांना वाटायचं, आपण एकदा दुर्लक्ष केलं आणि नेमका तेव्हाच खरा आला तर? वर चाळीस लोकांची लेकरं. दर वेळी ते ओरडले आणि दर वेळी गल्ली हसली. गल्लीचं काय जातंय हसायला.

नांदेडची धमकी मिळाल्यावर चाचांनी तोड काढली. वेड्याची तोड असते तशी एकदम सरळ. "कड्या परत आणतो. डोळ्यापुढं टांगतो. आवाज आला की वर बघायचं. हलत असल्या तर वरडायचं. हलत नसल्या तर गप बसायचं. गप बसून न्हाई जमलं, तर नांदेड."

अकरमला हे पटलं. त्याला खात्री होती, कड्या काही मिळत नाहीत.

गुरुवारचा बाजार धरून चाचा-चाची हैदराबादला निघाले. एसटीत बसल्यावर चाचींनी पिशवीतून वरवंटा काढून मांडीवर घेतला. धुऊन पुसून त्याला ते जुनं टोपडं बांधलेलं होतं.

"हे कशाला?" चाचा दचकले.

"कड्या भेटल्या तर त्यांना त्यांचं पोर नको दाखवायला?"

कंडक्टर तिकीट फाडता फाडता थबकला. "लेकराचं अर्धं लागतंय का, चाची?"

"मोठं झालंय ते," चाची म्हणाल्या. "पूर्ण लाव." कंडक्टर हसला, पण दगडाकडं दुसऱ्यांदा पाहून पुढं सरकला.

हैदराबादचा तो जुना बाजार म्हणजे साऱ्या दख्खनेतल्या घरांचं पोट फाडून रस्त्यावर मांडलेलं. हुक्के, पानदान, फुटके ग्रामोफोन, कुणाच्यातरी आजोबांचे लग्नातले फोटो फ्रेमसकट. मोठ्या गाड्यांतून उतरलेली तरुण जोडपी कंदील उलटसुलट करून पाहत होती. एक बाई विचारत होती, "भैया, अजून जुनं दिसणारं नाहीये का?" भैया म्हणाला, "शनिवारी या, करून ठेवतो."

मुज्तबाचं दुकान आता दुमजली झालं होतं. मुज्तबाही. दारातून आत पाऊल टाकलं आणि चाचांनी चाचींचं मनगट धरलं. समोरची भिंत कड्यांनी भरली होती. पोपट, हत्ती, घुंगरं, आणि प्रत्येकीत एका जागी काळी, वेडीवाकडी, बैलाच्या साखळीची कडी. ग्यानोबानं आपल्या हातानं घातलेली एकच कडी, आणि ती भिंतभर होती.

"आओ लातूरवाले!" मुज्तबा उठला. "पाहिलंत? तुमच्या कड्यांची पिल्लं. मुंबईचं हॉटेल म्हणा, बंगळूरचा बंगला म्हणा, सगळीकडं गेली. झुल्याला लावतात, झाडाच्या कुंड्या टांगतात. ती लोखंडी कडीबी आम्ही पितळेचीच ओततो, वरून काळी करतो. गिऱ्हाईक हात तिथंच लावतंय. म्हणतंय, किती असली चीज!"

चाचा एकेक कडी हलवत गेले. खणखणीत. सगळ्या खणखणीत. तापलेल्या लेकराच्या घशातून निघावा तसा तो बसका आवाज एकीतही नव्हता.

"आई कुठाय यांची?" त्यांनी विचारलं.

मुज्तबाचं हसू जरा कमी झालं. त्यानं त्यांना मागं कारखान्यात नेलं. ओल्या वाळूचे साचे, कोळसा, आणि कोपऱ्यात खिळ्याला टांगलेल्या असली कड्या. वर्षानुवर्षं वाळूत दाबून नमुना काढल्यानं पोपटाची चोच झिजलेली, हत्तीला डोळे उरले नव्हते. लोखंडी कडीचा गंज मात्र ताजा वाटत होता. चाचांनी बोट लावलं. किण.

चाचींनी पिशवी छातीशी धरली. त्यांनी आवाज ऐकला होता, हे चाचांना त्यांच्या तोंडावरून कळलं.

"घेऊन जाव," मुज्तबा म्हणाला. "नमुना झिजला, आता पिल्लावरून पिल्लू काढतो. अन् खरं सांगू, मियाँ? ही इथं टांगल्यापासून दुपारी कारागीर झोपतात. एकजात. भट्टी पेटलेली अन् हे आडवे! शिव्या देऊन थकलो." मग त्याची नजर पिशवीतल्या टोपड्याकडं गेली. "ये क्या है? पत्थर को टोपी? बदल्यात हे देऊन टाका. बंगलेवाले टेबलावर ठेवतील, कागद उडू नये म्हणून."

"तुमच्या अम्मीला ठेवा टेबलावर!" जाहिदाचाची कडाडल्या. "पोटचं पोर इकतं का कुणी?"

मुज्तबानं हात उडवून कड्या तशाच न्यायला सांगितल्या, चाचांनी त्या खिळ्यावरून उतरवल्या आणि चाची पिशवी कवटाळून बाहेर आल्या. आपल्या तोंडून काय गेलं ते त्यांना रस्त्यात कळलं. वीसेक वर्षं ज्यावर लसूण-मिरची वाटली, त्याला त्या पोटचं म्हणाल्या होत्या.

कड्या दुकानाच्या आढ्याला पुन्हा टांगल्या. गल्ली बघायला आली, मुली जिन्यातून वाकून बघून गेल्या. अकरम कमरेवर हात ठेवून म्हणाला, "ठरलंय ते ध्यानात आहे ना, अब्बा?"

पहिल्याच दुपारी आवाज आला. चाचांनी वर पाहिलं. कड्या स्थिर होत्या. घुंगरसुद्धा हलत नव्हतं, आणि आवाज येतच होता. किण... किण... त्यांनी गल्ल्याची फळी दोन्ही हातांनी धरली. वर पूनम काहीतरी घोकत होती; तिचा आवाज आणि कड्यांचा आवाज एकमेकांत मिसळत होते. घामानं बंडी भिजली. ओठ आतून चावला, पण ओरडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तसंच. पुढंही तसंच. कड्या डोळ्यांपुढं मेल्यासारख्या लटकत होत्या आणि कानात जिवंत होत्या. अकरम खूश. गल्लीला करमेना, टपरीवर लोक म्हणू लागले, चाचा सुधारले, आता करमणूक कशी व्हायची? पण चाचांचं जेवण सुटलं. एका सकाळी ते चाचींना म्हणाले, "आपण नांदेडला जाऊ. मी वरडणार. आज न्हाई तर उद्या वरडणार, कळतंय मला."

चाचींनी स्टूल ओढलं. कड्या उतरवल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि वरवंट्याची पिशवी उचलली. "नांदेडला जायाच्या आधी जिचं तिला देऊन येऊ."

औशाच्या पुढं नवं वसवलेलं गाव. सरळ रस्ते, सारखी घरं, इतकी सारखी की गावातलाच माणूस दार चुकावा. तारामती ओट्यावर तुरी निवडत बसली होती. केस पांढरे झाले होते. तिनं चाचांना ओळखलं नाही. फडकं उघडल्यावर ओळखलं. झिजलेल्या पोपटावर तिनं अंगठा फिरवला, मग लोखंडी कडीवर थांबवला.

"तुकडे केले तुम्ही," ती म्हणाली.

"हाव, ताई." चाचांची मान खाली.

"वरवंटा?"

जाहिदाचाचींनी तो तिच्या मांडीत दिला. एका बाजूनं झिजून गुळगुळीत झालेला. "बाई, मी त्याच्यावर चटणी वाटली. इतकी वर्सं. मला अक्कल न्हवती."

तारामतीनं टोपडं सरकवून दगडाचा वास घेतला. बराच वेळ.

"लसणाचा वास यायलाय," ती म्हणाली. आणि तिच्या तोंडावर काहीतरी आलं, त्याला हसू म्हणावं की काय ते चाचांना कळलं नाही. "म्हंजी कामाला लागला म्हणायचं. आता वयच हाय त्याचं कामाचं."

चाचींनी पदर तोंडात कोंबला.

चाचांनी कसंबसं विचारलं, "ताई, तुम्हाला... वाजल्याल्या ऐकू येत्यात का?"

"कड्या?" तिनं अगदी साधेपणानं विचारलं, जणू कुणी पाण्याचा टँकर आला का म्हणून विचारावं. "दुपारी येत्यात. त्याची निजायची वेळ दुपारचीच. का? तुम्हालाबी?"

"हाव! अन् मी भाईर पळतो! सगळ्यांना पळवतो! अख्खी गल्ली येडा म्हणती मला!"

"पळता कशाला?" तारामतीला खरंच नवल वाटलं. "पाळणा वाजला की पळायचं असतं व्हय? दोरी धरायची असती. लेकरू उठाया बघतंय, झोका द्यायचा. निजलं की थांबतंय." तिनं मोकळा हात पुढं केला, हवेतली दोरी धरली आणि दोन झोके दिले. ओढायचं, सोडायचं. ओढायचं, सोडायचं. ओट्यावर चिटपाखरू नव्हतं. चाचांनी मान वळवून पाहिलं नाही. पण त्या दोरीला वजन होतं, हे त्यांना तिच्या मनगटावरून दिसलं.

कड्या आणि वरवंटा तिच्याकडंच राहिले. येताना चाचींची पिशवी हलकी होती आणि त्या ती दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या.

दुसऱ्या दुपारी चाचा दुकानात बसले. आढं रिकामं होतं. आवाज आला. चाचांची मांडी उचललीच होती. पण ते बसले. उजवा हात पुढं गेला. ओढायचं, सोडायचं. आवाज हळू झाला, मग लांब गेला, मग गेला. चाचा तसेच हात हलवत राहिले, निजलेलं लेकरू लगेच सोडू नये म्हणून.

आता ते रोजचं झालंय. टपरीवरून बघणारे बघतात. चाचा रिकाम्या दुकानात बसल्या जागी हवा ओढतात आणि सोडतात. अकरमला हे वेड जुन्या वेडापेक्षा परवडलं. नांदेडचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

परवा पूनमचे वडील पाहणी करायला आले. पोरीचा पाय बरा झाला होता, गुण वाढले होते. अकरमनं छाती फुगवून विचारलं, "मग, पोरी? काही तक्रार?"

"न्हाई, काका," पूनम म्हणाली. "उलट दुपारी लई छान झोप लागती. शेजारी कुणाचं तरी बाळ आलंय ना? पाळण्याचा आवाज येत असतो."

अकरमनं खाली दुकानात पाहिलं. गल्लीत कुणाच्याच घरी तान्हं लेकरू नव्हतं. चाचांचा हात चालू होता.

"हाव," अकरम म्हणाला, आणि जिना उतरताना पाय न वाजवता उतरला.